ताबूत सगळ्यांचा, विहीर वेगळी

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "मदन आणि नंदी म्हणतात की धर्मनिरपेक्षता हे बाहेरून आणलेलं रोप आहे, ते इथे जगायचं नाही. राजीव भार्गव म्हणतात की भारतातली धर्मनिरपेक्षता अस्सल इथलीच आहे. वाचताना दोघंही पटतात. पण कुणीही बरोबर असलं तरी बहुसंख्य हिंदू असलेल्या या देशात दंगली व्हायच्या त्या होतातच. मग या वादाचा उपयोग काय, आणि पेपरात बाजू कुणाची घ्यायची?"

पेपराचं शेवटी बघू. आधी तुमच्या प्रश्नाची गाठ सोडवतो, कारण त्यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. राज्यसंस्थेने धर्माशी कसं वागावं, हा एक. आणि अमुक गावात अमुक दिवशी दंगल का झाली, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर तत्त्वज्ञानात आणि राज्यघटनेत शोधायचं, दुसऱ्याचं पोलीस ठाण्यात आणि बाजारपेठेत. मी एकतीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. त्यातली बरीचशी वर्षं यंत्रमागांच्या एका गावात गेली आणि तिथल्या शांतता समितीत मी अकरा वर्षं होतो. वर्गात पहिला प्रश्न शिकवायचो, समितीत दुसरा समोर यायचा. दोन्हींची सांगड घालण्याचा हट्ट मी बराच काळ केला. तो चुकीचा होता.

टी. एन. मदन यांच्यापासून सुरू करू. त्यांचा १९८७चा निबंध विद्यार्थी वाचतात तेव्हा त्यांना तो धर्मनिरपेक्षतेवरचा हल्ला वाटतो. तसा तो नाही. मदन मूळचे काश्मिरी पंडित, पेशाने मानववंशशास्त्रज्ञ, आणि त्यांची तक्रार निदान करणाऱ्या वैद्यासारखी आहे. त्यांचं म्हणणं असं की, 'धर्म ही खासगी बाब' ही कल्पना युरोपात प्रॉटेस्टंट सुधारणेच्या पोटातून आली. म्हणजे तीही एका धर्माचीच देणगी. हिंदू, मुसलमान, शीख यांच्या जगण्यात धर्म असा वेगळा काढून खुंटीला टांगता येत नाही. इथली बहुसंख्य माणसं श्रद्धाळू आहेत, आणि मूठभर शिकलेल्यांनी त्यांच्या डोक्यावर हे तत्त्व ठेवलं तर ते घसरणारच. यात खोडून काढण्यासारखं फारसं नाही. आषाढीला पंढरपुरात मुख्यमंत्री सपत्नीक महापूजेला बसतात, आणि रांगेत उभ्या असलेल्या एका वारकरी दांपत्याला त्यांच्या शेजारी बसण्याचा मान मिळतो. सरकार कोणत्याही पक्षाचं असो. फ्रेंच माणसाला हे दृश्य दाखवलं तर तो म्हणेल, तुमचं राज्य धर्मनिरपेक्ष नाही. आपल्याकडे टीव्हीवर ते बघणाऱ्या आजीला 'धर्मनिरपेक्ष' हा शब्द आठवतसुद्धा नाही.

राजकीय मानसशास्त्राचे अभ्यासक आशिस नंदी याच्या पुढे जातात. धर्माचे ते दोन भाग करतात: जगण्यातली श्रद्धा आणि राजकारणातली विचारसरणी. श्रद्धावान माणूस दुसऱ्याच्या श्रद्धेशी जमवून घेतो, कारण त्याला तिचं वजन कळतं. भांडणं लावतो तो विचारसरणीवाला, आणि तो बहुतेक वेळा आधुनिक, शिकलेला, स्वतः फारसा न पूजणारा असतो. आपल्याकडच्या वाचकाला इथे सावरकर आठवल्याशिवाय राहत नाहीत. गाईला उपयुक्त पशू म्हणणारा हा माणूस कर्मकांडी कधीच नव्हता. त्याला हिंदू हे राष्ट्र म्हणून हवे होते. नंदींचा मुद्दा असा की, आधुनिक राज्य आणि धर्माचं हे आधुनिक राजकारण ही एकाच घरातली भावंडं आहेत. तेव्हा सहिष्णुता हवी असेल तर ती लोकांच्या जुन्या श्रद्धेत शोधा, दिल्लीतल्या मंत्रालयात नको.

मला हे शिकवायला फार आवडायचं. उदाहरणं हाताशी होती. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावला मोहरमचे उंच ताबूत निघतात, त्यात हिंदू घराण्यांचे मान आहेत. त्याच जिल्ह्यात गोटखिंडीला गणपती मशिदीत बसतो. तिकडे कोल्हापूर जिल्ह्यात कुरुंदवाडला तर काही मशिदींमध्ये गणपती बसतात. श्रीगोंद्याचे शेख महंमद वारकऱ्यांना आपले वाटतात. एकनाथांनी हिंदू-तुर्क संवादात दोघांना मनसोक्त भांडायला लावून शेवटी गळाभेट घडवली. हे सगळं सांगितलं की वर्ग खूश आणि मीही खूश.

एका वर्षी असंच रंगात येऊन सांगत होतो. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा, एरवी तोंड न उघडणारा, उभा राहिला. म्हणाला, "सर, आमच्या गावातपण ताबूत सगळे मिळून नाचवतात. माझे आजोबा हलगी वाजवायचे पुढे. पण विहीर वेगळी होती आमची." आणि बसला. वाद घालायचा नव्हता त्याला, फक्त माहिती द्यायची होती.

त्या दिवशी तास संपेपर्यंत मी काय बोललो ते आठवत नाही. पण त्यानंतर हा विषय मी पहिल्यासारखा शिकवू शकलो नाही. नंदींची सहिष्णुता खोटी नाही, ती होती. पण ती समूहा-समूहांमधली होती. दोन जमाती आपापल्या मर्यादा सांभाळून शेजारी राहतात, एकमेकांच्या सणाला येतात-जातात, आणि आपल्या आत कुणाला कुठे उभं करायचं ते ज्याचं तो ठरवतो. या व्यवस्थेला विहीर उघडण्याचं कारणच पडत नाही.

पंढरपुराकडे पुन्हा बघा. चोखोबांची समाधी विठ्ठलाच्या महाद्वारासमोर आहे. चौदाव्या शतकापासून वारकरी तिच्यापुढे माथा टेकतात, त्यांचे अभंग गातात. आणि चोखोबांच्या जातीच्या माणसाला त्या दारातून आत जाता यायला १९४७ उजाडावं लागलं. तेही साने गुरुजींनी मे महिन्यात दहा दिवस उपोषण केल्यावर. मंदिर उघडलं तेव्हा मूर्तीतलं तेज घागरीत काढून घेतल्याची गोष्ट पंढरपुरात अजून सांगतात. पुढे १९७३च्या पंढरपूर मंदिरे अधिनियमाने बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपवले. त्यावरचा कोर्टातला झगडा सर्वोच्च न्यायालयात २०१४ साली संपला. संतांनी सहाशे वर्षं समता गायली, पण दाराची कडी काढायला उपोषण, कायदा आणि कोर्ट लागलं. संतांना कमी लेखायचं नाही मला. अभंग नसते तर गुरुजी उपोषणाला बसलेच नसते. पण नुसत्या अभंगाने कडी निघाली नाही, हेही खरं.

महाराष्ट्रातून हा वाद वाचताना दिल्ली-कोलकात्याहून वेगळा दिसतो तो यामुळे. तिथे धर्मनिरपेक्षता म्हटलं की हिंदू-मुस्लिम प्रश्न आठवतो, फाळणी आठवते. आपल्याकडे या गोष्टीची सुरुवात धर्माच्या आतून झाली: फुले, सत्यशोधक, पर्वती आणि काळारामचे सत्याग्रह. आंबेडकर २ डिसेंबर १९४८ला संविधान सभेत बोलले तेव्हा त्यांनी हेच मांडलं. या देशात धर्माच्या कल्पना जन्मापासून मृत्यूपर्यंत आयुष्याची प्रत्येक बाजू व्यापतात. त्या सगळ्याला 'धर्म' म्हणून हात लावायचा नाही असं ठरवलं तर कायदेमंडळाला कामच उरणार नाही. म्हणून अनुच्छेद २५ नीट वाचा. पहिल्या कलमात धर्मस्वातंत्र्य आहे. लगेच दुसऱ्यात राज्याला समाजसुधारणेचे कायदे करण्याची आणि सार्वजनिक स्वरूपाची हिंदू मंदिरं सर्व वर्गांना खुली करण्याची मुभा आहे. धर्म आणि राज्य यांच्यात भिंत बांधणारं राज्य असा मजकूर लिहिणार नाही.

मदन म्हणतात, धर्म खासगी करणं इथे अशक्य. बरोबर. पण घटनेने ते करायला घेतलंच कुठे? राजकीय तत्त्वज्ञ भार्गव यांचं महत्त्व इथे आहे. 'तत्त्वनिष्ठ अंतर' हा त्यांचा शब्दप्रयोग पाठ करून लिहितात मुलं, आतलं विसरतात. त्यांचा गाभा असा: धर्माच्या नावाने दोन तऱ्हेची दडपणूक होते. एका धर्माने दुसऱ्यावर केलेली, आणि एकाच धर्मातल्या काहींनी त्याच धर्मातल्या इतरांवर केलेली. राज्याने कधी हात घालायचा आणि कधी लांब राहायचं, हे या दोन्ही कमी होतील अशा बेताने ठरवावं. मग सगळ्या धर्मांशी वागणूक तंतोतंत सारखी नसेलही.

हे कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात कुठे अडतं ते बघायचं तर मुंबई राज्याच्या दोन कायद्यांची कहाणी शेजारी शेजारी ठेवा. १९४६च्या कायद्याने हिंदूंमधली द्विभार्या पद्धत बंद केली. त्याला नरसू अप्पा माळी खटल्यात आव्हान मिळालं: फक्त हिंदूंनाच बंदी का? न्यायमूर्ती छागला आणि गजेंद्रगडकर यांनी कायदा टिकवला. सुधारणा टप्प्याटप्प्याने, एकेका समाजात झाली तरी चालेल असं म्हटलं. दुसरा कायदा १९४९चा, समाजातून वाळीत टाकण्याला बंदी करणारा. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मप्रमुखांनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी तो रद्द केला. बहिष्कृत करण्याचा अधिकार हा त्या पंथाच्या धार्मिक व्यवहाराचा भाग ठरला. विरोधात एकटे सरन्यायाधीश सिन्हा. त्यांना या बहिष्कारात अस्पृश्यतेची छाया दिसली. माझ्या मते सिन्हा बरोबर होते. ज्याला आपल्या माणसांच्या दफनभूमीत जागा मिळत नाही त्याला समूहाचं स्वातंत्र्य सांगून काय उपयोग? पुढे जातपंचायतींच्या जाचामुळे महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला, आणि २०२३ साली न्यायालयाने १९६२चा तो निकाल तपासायला मोठ्या पीठाकडे पाठवला.

नरसू अप्पा माळीतल्या 'टप्प्याटप्प्याने' या शब्दात मात्र एक मेख राहिली. पहिला टप्पा झाला, दुसरा कधी? मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाई हेच विचारत होते. १८ एप्रिल १९६६ला त्यांनी मुंबईत विधान भवनावर सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा नेला. फक्त सात. तोंडी तलाक बंद करा, ही मुख्य मागणी. १९७०ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं, १९७७ला दलवाई गेले. तोंडी तलाकवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला २०१७ साली, एक्कावन्न वर्षांनी. दलवाईंना हिंदुत्ववाद्यांनी हिंदूंना बरं वाटेल तेवढंच उद्धृत केलं आणि पुरोगाम्यांनी अल्पसंख्याक दुखावतील म्हणून टाळलं. त्यांनी हिंदू जातीयवादावरही तितकंच कडक लिहिलं आहे, ते दोघांनीही वाचलं नाही. मंडळाच्या नावातला 'सत्यशोधक' हा शब्द कुठून आला ते पाहिलंत तर मी महाराष्ट्राचा वेगळा धागा म्हणतो तो कोणता, हे कळेल.

राजकीय विचारवंत पार्थ चॅटर्जी यांचा धर्मनिरपेक्षतेवरचा १९९४चा निबंध जरूर वाचा, पण त्यांच्या तोडग्याने हुरळू नका. त्यांची पहिली अर्धी मांडणी तीक्ष्ण आहे: बहुसंख्याकांच्या राजकारणाला धर्मनिरपेक्ष राज्य मोडायची गरजच नाही, ते त्याच्याच भाषेत, 'सर्वांना एक कायदा' म्हणत चालवता येतं. तोडगा असा की, अल्पसंख्याक समूहाने बाहेरच्यांना कारणं देऊ नयेत, मात्र आतल्या लोकांना द्यावीत, प्रातिनिधिक संस्थांमधून. त्या संस्था बांधणार कोण? जे आज धर्मप्रमुख आहेत ते? तत्त्वज्ञ अकील बिलग्रामी यांचा आक्षेप मला जास्त पटतो. नेहरूंच्या काळातली धर्मनिरपेक्षता समाजांमधल्या वाटाघाटीतून उगवली नाही, ती वरून आली आणि म्हणून पोकळ राहिली.

जाता जाता नेपाळ. बहुसंख्य हिंदू, २००६पर्यंत अधिकृत हिंदू राष्ट्र. त्या वर्षी ते धर्मनिरपेक्ष जाहीर झालं, २०१५च्या घटनेने ते पक्कं केलं आणि त्याच कलमात स्पष्टीकरण जोडलं की धर्मनिरपेक्षता म्हणजे सनातनपासून चालत आलेल्या धर्म-संस्कृतीचं संरक्षणसुद्धा. शब्द घेतला आणि लगेच त्याला घरचं अस्तर लावलं. आपल्याकडेही शब्दाची ओढाताण कमी नाही. १५ नोव्हेंबर १९४८ला संविधान सभेचे सदस्य के. टी. शहांनी घटनेत 'सेक्युलर, फेडरल, सोशलिस्ट' घालायची दुरुस्ती आणली, ती फेटाळली गेली. आंबेडकरांचा मुख्य आक्षेप मात्र 'सोशलिस्ट'ला होता. शब्द आला १९७६ साली, ४२व्या दुरुस्तीने. हिंदी प्रास्ताविकेत तो 'पंथनिरपेक्ष' आहे, मराठीत 'धर्मनिरपेक्ष'. आणि चहाच्या टपरीवर 'निधर्मी', ही शिवी.

आता तुमचा दुसरा प्रश्न, दंगलींचा.

राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी १९५० ते १९९५ या काळातल्या हिंदू-मुस्लिम दंगलींचे आकडे जमवले. खेड्यांमधले मृत्यू एकूण मृत्यूंच्या ३.६ टक्के. आणि फक्त आठ शहरांत, ज्यात मुंबई, अहमदाबाद, हैदराबाद, अलीगढ येतात, जवळपास ४६ टक्के. त्या शहरांत देशाची लोकसंख्या किती? पाच टक्क्यांच्या आसपास. घटना सगळ्या देशाला एकच, मदन यांनी सांगितलेली धर्माची व्याप्तीही सगळीकडे तीच. मग अलीगढ पेटतं आणि तेवढंच मुस्लिम प्रमाण असलेलं केरळातलं कालिकत शांत राहतं, हे कसं? वार्ष्णेय म्हणतात, एकत्रित संस्थांमुळे. व्यापारी संघ, कामगार संघटना, क्लब, पक्षांच्या शाखा, ज्यात दोन्हीकडचे लोक पैशाने किंवा कामाने एकमेकांत गुंतलेले असतात. नुसता शेजार मोठ्या शहरात पुरत नाही.

अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ पॉल ब्रास यांना हे पटत नाही. अलीगढमध्ये त्यांनी अनेक दशकं काढली, आणि त्यांचं म्हणणं असं की दंगल 'उसळत' नाही, ती तयार केली जाते. आधी तालीम, मग प्रयोग, मग 'लोकांचा उद्रेक' म्हणून समीक्षा. किरकोळ भांडणाला धार्मिक रंग देणारी माणसं ठरलेली असतात. स्टीव्हन विल्किन्सन हे अभ्यासक तिसरं सांगतात: पोलीस राज्य सरकारच्या हातात आहेत, आणि ज्या सरकारला अल्पसंख्याकांची मतं लागतात ते दंगल थांबवतं. तिघांची भांडणं तुम्ही वाचालच. माझ्या अनुभवात तिघंही एकाच खोलीत बसलेले असतात.

ती खोली म्हणजे पोलीस ठाण्यातला हॉल. प्लास्टिकच्या खुर्च्या, कटिंग चहा, भिंतीवर मिरवणुकीच्या मार्गाचा नकाशा. बाहेरचा माणूस आला तर त्याला वाटेल इथे सर्वधर्मसमभावावर भाषणं होत असतील. सुरुवातीची दहा मिनिटं होतात. मग पीआय नकाशावर बोट ठेवतो आणि खरी सभा सुरू होते. मंडळ नंबर चार मशिदीच्या कोपऱ्यावर किती वाजता येणार? मगरीबची, म्हणजे संध्याकाळची, अजान कितीला? डीजे तिथून शंभर पावलं आधी बंद होणार की पन्नास? गेल्या वर्षी कोणत्या पोरांनी तिथेच थांबून गुलाल उधळला, आणि या वर्षी त्यांच्या मागे कोण चालणार? एकदा एका मंडळाचा अध्यक्ष अडून बसला की आम्ही कोपऱ्यावर पाच मिनिटं थांबणारच. त्याला समजावलं ते मौलवींनी नाही, माझ्यासारख्या मास्तराने तर नाहीच. समोर बसलेला सुताचा व्यापारी म्हणाला, "भाऊ, सोमवारी माझी गाडी तुमच्या मागांवर सुताचे बीम घेऊन यायची आहे. कर्फ्यू लागला तर बीम माझ्याकडे राहतील आणि कारागीर तुमच्या डोक्यावर." अध्यक्षाने चहा संपवला आणि म्हणाला, "बरं, चालत चालत जाऊ."

भिवंडी हेच मोठ्या प्रमाणावर दाखवते. १९७०ला शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून तिथे भीषण दंगल झाली, न्यायमूर्ती मादन आयोग बसला. १९८४ला पुन्हा. १९८८पासून सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने मोहल्ल्या-मोहल्ल्यांत दोन्हीकडच्या लोकांच्या समित्या बांधल्या, आणि दंगल नसतानाही त्या भेटत राहतील असं पाहिलं. डिसेंबर १९९२मध्ये मुंबई जळत होती, भिवंडी शांत राहिली. तीच माणसं, तेच धर्म, तीच घटना. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात मुंबईतल्या डिसेंबर-जानेवारीच्या मृतांचा आकडा ९०० आहे: ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, बाकीचे इतर आणि ओळख न पटलेले. कोण जबाबदार, हे आयोगाने १९९८ साली नावानिशी लिहिलं. अशा अहवालांचं पुढे काय होतं हा प्रश्न मात्र तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे परत जातो, कारण नागरिक कोणत्या धर्माचा आहे यावर फिर्यादीचं वजन ठरत असेल तर त्या राज्याला धर्मनिरपेक्ष म्हणता येत नाही. धर्मनिरपेक्षतेची परीक्षा घ्यायची तर इथे घ्या, महापूजेत नको.

पेपरात बाजू घ्या, घाबरू नका. परीक्षकाला 'दोन्ही बाजूंत तथ्य आहे' वाचून वाचून कंटाळा आलेला असतो. मी असतो तर लिहिलं असतं: मदन यांचं निदान युरोपीय नमुन्याला लागू पडतं, अनुच्छेद २५ला नाही, नंदींची सहिष्णुता समूहांच्या मधली आहे, आतली नाही, आणि दंगलींचं कारण या दोघांकडेही नाही, ते वार्ष्णेय-ब्रास-विल्किन्सन यांच्या भांडणात आहे. तुम्हाला वेगळं वाटलं तर वेगळं लिहा, फक्त दोन प्रश्न एका परिच्छेदात कालवू नका.

आणि एक काम करा. तुमच्या भागातल्या ठाण्यात जाऊन शांतता समितीच्या सदस्यांची यादी बघायला मागा. धर्म मोजा, धंदे मोजा, जाती कळल्या तर त्याही. आमच्या यादीत बावीस नावं होती, अकरा-अकरा, अगदी तोलून मापून. त्यात एकही बाई नव्हती, आणि वरच्या वस्तीतलं, ज्यांची विहीर कधीकाळी वेगळी होती त्यांच्यातलं, एकही नाव नव्हतं. हे माझ्या लक्षात यायला आठ वर्षं लागली.